कवायतीचे मैदान आणि मोबाईलचा पडदा

आज ज्या विषयावर बोलण्याचे आम्ही योजिले आहे, तो वरवर पाहता लहान आहे. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे महाराष्ट्रातील महाविद्यालये बंद झाली आणि त्यांच्या मैदानांवरची एन.सी.सी.ची, म्हणजे राष्ट्रीय छात्रसेनेची, कवायतही थांबली. पुढे कॉलेज मोबाईलच्या पडद्यावर आले आणि त्याच्या मागोमाग कवायतही त्या पडद्यावर आली. माणसे मरत होती, रोजगार बुडत होता. अशा काळातले कवायतीचे काय घेऊन बसलात, असे कोणी विचारील. आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. कवायतीशी आमचा संबंध मोर्च्याच्या रांगा सरळ ठेवण्यापुरता. तरीही या विषयाने आम्हांला स्वस्थ बसू दिले नाही. ऊस तोडणाऱ्या माणसाच्या मुलाला अधिकारी होण्यासाठी आपल्या जिल्ह्यात जे दोन-चार जिने आहेत, त्यांतला हा एक जिना आहे. आणि जिना हलला की ते चढणाऱ्याला आधी कळते, माडीवर बसलेल्याला नव्हे.

सैन्य ही गोष्ट बीड जिल्ह्याला परकी नाही. आपले अंबाजोगाई ज्या काळी मोमिनाबाद म्हणून ओळखले जाई, त्या काळी तेथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. खर्च निजामाच्या राज्याचा, शिपाई इकडचे-तिकडचे देशी, आणि हुकूम देणारा अधिकारी मात्र इंग्रज. घोड्याला खरारा करणारा आणि घोड्यावरून हुकूम देणारा यांच्यामधली ही भिंत केवळ मोमिनाबादची नव्हती, साऱ्या हिंदी सैन्याची होती. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सँडहर्स्टच्या लष्करी शाळेत हिंदी तरुणांसाठी वर्षाला अवघ्या दहा जागा ठेवण्यात आल्या, आणि डेहराडूनची आपली अकादमी निघायला १९३२ साल उजाडावे लागले.

कॉलेजातल्या मुलांना लष्करी शिक्षण देण्याची सुरुवातही त्याच महायुद्धातली. माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ च्या कायद्याने युनिव्हर्सिटी कोअर निघाले. १९२० च्या कायद्यानंतर त्याचे युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर झाले, आणि दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, १९४२ मध्ये, नावात अधिकारी हा शब्द घालून त्याचे युनिव्हर्सिटी ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर करण्यात आले. ही पथके मुंबई-पुण्यासारख्या शहरांत असत, कारण कॉलेजे तेथेच होती. गणवेश चढवणारी मुले बहुधा खात्यापित्या घरची, कारण कॉलेजात जाणारी मुलेच तशा घरांतली. नाव बदलले, तरी युद्धात हवे तसे अधिकारी काही त्यातून निघाले नाहीत. म्हणून १९४६ मध्ये पंडित हृदयनाथ कुंझरू यांची समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींवरून एप्रिल १९४८ मध्ये कायदा झाला आणि १५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय छात्रसेना उभी राहिली. पुढच्याच वर्षी तीत मुलींचा विभाग निघाला.

आता ही तारीख नीट ध्यानात घ्यावी. १५ जुलै १९४८ रोजी बीड हिंदुस्थानात नव्हते. निजामाचे राज्य अजून शाबूत होते, रझाकारांचा धुमाकूळ चालू होता आणि हैदराबादमुक्तीला अजून दोन महिने अवकाश होता. मुंबईची मुले नव्या छात्रसेनेत नाव नोंदवीत होती, त्या पावसाळ्यात मराठवाड्याची मुले सरहद्दीपलीकडच्या कॅम्पांत होती. त्यांना गणवेश कोणी दिला नाही की प्रमाणपत्र कोणी दिले नाही. १९३८ मध्ये वंदे मातरम् म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठातून काढलेल्या आणि नागपूरच्या विद्यापीठाने पोटात घेतलेल्या मुलांचे उदाहरण त्यांच्यापुढे होते. अंबाजोगाईच्या शाळेत स्वामी रामानंद तीर्थांच्या हाताखाली शिकलेली पिढीही त्यांच्यापुढेच होती. शिस्त त्यांनी शिकली ती अशी. १७ सप्टेंबर १९४८ नंतर आपण भारतात आलो. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये निघाले. आणि मग कोठे तालुक्याच्या गावी कॉलेज, कॉलेजला मैदान आणि मैदानावर एन.सी.सी. असा क्रम लागला. आम्ही रांगेत उशिरा आलो, हे येथे सांगून ठेवतो.

छात्रसेनेने आजवर जे मोठे बदल पाहिले, त्यांतला पहिला चीनच्या आक्रमणाने घडवून आणला. नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले, आणि १९६३ पासून धडधाकट कॉलेजविद्यार्थ्यांना एन.सी.सी. सक्तीची झाली. एकदम लाखो मुले मैदानावर उभी करायची म्हणजे तितके शिक्षक, तितके बूट, तितक्या रायफली हव्यात. सक्तीने संख्या वाढते, कस वाढतोच असे नाही, हा अनुभव सरकारला यायला पाच वर्षे पुरली. १९६८ मध्ये सक्ती उठली. पुढच्या वर्षी गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने राष्ट्रीय सेवा योजना निघाली आणि ज्यांना कवायतीपेक्षा गावकामाची ओढ होती त्यांना वेगळी वाट मिळाली. १९६५ च्या युद्धात छात्रसैनिकांनी दुसऱ्या फळीचे काम केले होते. पुढे सत्तरीच्या दशकात आपल्या महाराष्ट्राचे गणिती डॉ. ग. स. महाजनी यांच्या समितीने साऱ्या संघटनेची तपासणी केली. युद्धाला पुरवायची माणसे घडवण्यापेक्षा पुढारपण अंगी बाणवण्याकडे अभ्यासक्रमाचा कल हळूहळू वळला.

या साऱ्या बदलांत एक गोष्ट मात्र बदलली नाही, आणि आमच्या मते तीच या संस्थेची सर्वांत मोठी पुण्याई. ती अशी की मुलाला घरून काही आणावे लागत नसे. गणवेश सरकारी, बूट सरकारी, रायफल सरकारी, शिबिरातले जेवण सरकारी, कवायतीनंतरचा नाश्ताही सरकारी असे. आमच्या धंद्यात आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो हा, की हत्यार कोणाचे? गिरणीत माग मालकाचा असतो. उसाच्या फडात कोयता मजुराचा असतो. जेथे हत्यार ज्याचे त्याने आणायचे, तेथे रिकाम्या हाताचा माणूस दारातूनच परत जातो. छात्रसेनेत तो परत जात नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा बूट घातले ते एन.सी.सी.चे, असे सांगणारी माणसे आम्हांला जिल्हाभर भेटली आहेत. त्या बुटात डॉक्टरांचा मुलगा आणि ऊसतोड्याचा मुलगा एकाच मापाचे पाऊल टाकीत असत.

मार्च २०२० नंतर हे उलटे झाले. २७ ऑगस्ट २०२० रोजी संरक्षणमंत्री राजनाथसिंह यांच्या हस्ते छात्रसेनेचे मोबाईल ॲप सुरू झाले. अभ्यासक्रम, टिपणे, कवायतीची आणि शस्त्राची चित्रफीत, शंका विचारण्याची सोय असे सारे त्यात होते. काम वाईट नव्हते, आणि ते झटपट झाले हेही मान्य केले पाहिजे. ही अडचण एकट्या आपल्या देशाची नव्हती. अमेरिकेत १९१६ पासून विद्यापीठांतून अधिकारी घडवणारी जी योजना चालते, तिचे फोर्ट नॉक्स येथील मोठे उन्हाळी शिबिरही २०२० मध्ये रद्द करावे लागले आणि ते शिक्षण नंतर कॉलेजांच्या आसपासच उरकण्यात आले. श्रीमंत देशाचे शिबिर बुडाले, तेथे आपले बुडाले यात नवल नाही. प्रश्न आहे तो बुडाल्यानंतर कोणाच्या हाती काय उरले, याचा.

पडद्यावरून काय शिकवता येते, हे प्रथम प्रामाणिकपणे सांगू. नकाशावाचन शिकवता येते. प्रथमोपचार निम्मा शिकवता येतो. सेनेचा इतिहास, हुद्दे, आपत्तीत काय करावे, हे सारे चांगले सांगता येते. पाटोद्याच्या किंवा वडवणीच्या मुलाला एरवी ज्याचे तोंडही दिसले नसते, अशा निवृत्त अधिकाऱ्याकडून निवडमंडळापुढे कसे बोलावे, हे त्याला घरबसल्या ऐकता आले. हा लाभ खरा आहे.

पण ‘सावधान’ हा हुकूम एकट्याला देता येत नाही. देता येतो, पण त्याला अर्थ उरत नाही. कवायत म्हणजे हातपाय हलवणे नव्हे. शेजारच्याच्या खांद्यावरून आपला खांदा जुळवणे, त्याचे पाऊल ऐकून आपले पाऊल टाकणे, आणि एकजण चुकला तर साऱ्या रांगेने पुन्हा पहिल्यापासून सुरू करणे, म्हणजे कवायत. दहा दिवसांच्या शिबिरात एका तंबूत परक्या जातीच्या, परक्या गावच्या मुलाजवळ झोपणे, एका पंगतीत बसणे, त्याची पाळी आली की त्याला उठवणे, हे त्या शिक्षणाचे हृदय आहे. आम्ही संघटनेत तीस वर्षे हेच शिकलो. सभासदाचे नाव रजिस्टरात घालता येते. सभासद मात्र तो मोर्च्यात शेजारी चालल्यावरच होतो.

आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आपली माणसे पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांवर, फडात, कोप्यांत अडकून पडली होती. लाखाहून अधिक ऊसतोड मजुरांना गावी परतण्याची परवानगी सरकारने एप्रिलमध्ये दिली. पुढच्या हंगामाआधी दरवाढीचा संप झाला आणि ऑक्टोबर २०२० च्या अखेरीस मिटला. टोळ्या पुन्हा निघाल्या. घरातला एकुलता मोबाईल टोळीबरोबर गेला, कारण मुकादमाचा फोन त्याच्यावर येतो, कारखान्याची गाडी केव्हा येणार ते त्याच्यावर कळते. घरी आजी, धाकटी भावंडे आणि कॉलेजातला मुलगा. त्या हिवाळ्यात एका पोराने शेजाऱ्याच्या फोनवरून आम्हांला गाठले. टोळी कोठे आहे, हे विचारण्यासाठी त्याने फोन केला असेल असे वाटले. त्याचा प्रश्न निराळा होता. ‘परेड ऑनलाईन आहे, हजेरी लागत नाही, वडिलांचा फोन आठवड्यातून एक दिवस तरी माघारी यायची काही सोय होईल का?’ आम्ही मालकांशी वाटाघाटी केल्या आहेत, मंत्र्यांशी वाद घातले आहेत. या प्रश्नाला उत्तर आमच्याजवळ नव्हते.

ज्यांच्या घरी फोन होता त्यांना बालाघाटाच्या डोंगराने अडवले. रेंज मिळावी म्हणून टेकडीवर जाऊन उभी राहिलेली मुले आम्ही पाहिली आहेत. हत्यार घरचे झाले की काय होते, ते असे.

यात पणाला काय लागले होते, तेही पाहू. एन.सी.सी.चे ‘सी’ प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळवलेल्या पदवीधराला सैन्यात अधिकारी होण्यासाठी लेखी परीक्षेवाचून थेट निवडमंडळापुढे उभे राहण्याची एक वाट आहे. शिकवणीचे पैसे नसलेल्या मुलाला ही वाट म्हणजे केवढी गोष्ट! दुसरीकडे शिपायांची भरती साथीत जवळजवळ थांबली. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली, तेव्हा दोन वर्षे भरती न झाल्यामुळे वयोमर्यादा त्या एका वर्षापुरती २१ वरून २३ करावी लागली. म्हणजे सरकारलाही कबूल करावे लागले की मुलांचे वय साथ संपण्याची वाट पाहत थांबले नव्हते.

तथापि त्या काळातले सर्वांत चांगले शिक्षण पडद्यावर झाले नाही आणि मैदानावरही झाले नाही. ते रस्त्यावर झाले. एप्रिल २०२० मध्ये छात्रसेनेने ‘योगदान’ नावाची मोहीम काढली. अठरा वर्षांवरील स्वयंसेवक कॅडेटांनी धान्यवाटप, औषधवाटप, रांगा लावणे, मदतीच्या फोनवर बसणे ही कामे करावीत, बंदोबस्ताच्या कामाला त्यांना जुंपू नये, असे ठरले. रेशनच्या दुकानापुढे चुन्याने गोल आखून म्हाताऱ्या बाईला त्यात उभे करणारा, आणि पुढे घुसणाऱ्या बड्या आसामीला ‘मागे जा’ म्हणणारा एकोणीस वर्षांचा मुलगा तेथे जे शिकला, ते कोणत्याही अकादमीत शिकवता आले नसते. हुकूम देण्याचा अधिकार सेवेतून येतो, हे त्याला कळले.

१५ फेब्रुवारी २०२१ ला कॉलेजे अर्ध्या संख्येने उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा मिटली, आणि २० ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडली. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने एन.सी.सी. हा ऐच्छिक विषय म्हणून अभ्यासक्रमात घेण्याचे विद्यापीठांना सुचवले. ॲप राहिले, मैदानही परत आले. आता दोन्ही राहणार, आणि राहावीत. पडद्याला आमचा विरोध नाही. मागाला यंत्र लागले तेव्हा त्याला विरोध करणाऱ्यांचे काय झाले, हे आम्हांला ठाऊक आहे. आमचे म्हणणे इतकेच की शिक्षण ज्या हत्याराने द्यायचे ते हत्यार, पूर्वीच्या बुटांप्रमाणे, भांडारातून दिले गेले पाहिजे. कॉलेजने चार फोन आणि एक रेंज येणारी खोली ठेवली, तर हजेरीची निम्मी अडचण सरेल. शिबिराच्या दहा दिवसांना पर्याय म्हणून काही दाखवले जाईल, तेव्हा आपण सावध असावे. आणि त्या दोन वर्षांत आपल्या गावातली किती मुले नाव नोंदवून मधेच गळाली, याची मोजणी कॉलेजांच्या संचालक मंडळांनी करावी. या सभागृहात त्या मंडळांवरचे सभासद बसलेले आहेत, म्हणून हे येथे बोललो. आमच्याकडे फडावर आलेल्या कोयत्यांचा हिशेब असतो. मैदानावरून परत गेलेल्या मुलांचा हिशेब तुमच्याकडे असला पाहिजे.