अतिसार, पाणी आणि शुश्रूषा

अतिसारावरील उपचारांचा इतिहास शोधू लागलो, की आम्हांस विनयपिटकातील महावग्गाकडे वळावे लागते. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आपल्याच मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नसे, म्हणून कोणीही त्याची शुश्रूषा करीत नव्हते. तथागतांनी आनंदाकरवी पाणी आणविले. स्वतः पाणी ओतले व आनंदाने त्यास धुतले. मग दोघांनी उचलून त्यास मंचकावर निजविले आणि तथागतांनी संघास रुग्णसेवेचा नियम घालून दिला. शुश्रूषकाच्या पाच गुणांत औषध सिद्ध करता येणे, पथ्यापथ्य जाणणे यांबरोबरच मलमूत्र उचलण्याची किळस नसणे हाही गुण सांगितला आहे. ज्या समाजाने मैला उचलण्याचे काम विशिष्ट जातींच्या माथी मारले, त्या समाजात या नियमाचे मोल फार मोठे आहे.

महावग्गातील भेसज्जक्खंधकात तूप, लोणी, तेल, मध व काकवी ही पाच औषधे तसेच हिरडा आणि मीठ यांचा उल्लेख येतो. भूक व तहान शमविणारी पेजही भिक्खूंना अनुज्ञात होती.

औषधाइतकेच पाणी महत्त्वाचे. एके काळी ठाणे जिल्ह्यात असलेल्या कान्हेरीच्या लेण्यांत कातळात खोदलेल्या पाण्याच्या पोढी आहेत. तेथील एका शिलालेखानुसार कल्याणच्या सामिदत नावाच्या सोनाराने पाण्याची पोढी दान दिली. पाण्याचे दान हे धम्मदान होते, ही आपल्या परिसराची साक्ष आहे.

आधुनिक वैद्यकानेही अखेर पाण्याचेच महत्त्व सिद्ध केले. 1971 साली बनगाव येथील निर्वासितांच्या शिबिरात कॉलराची साथ असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे द्रावण रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजविले. मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या आत आले. तीच आजची जलसंजीवनी. पाकीट न मिळाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. 2004 पासून मुलांना सोबत 10 ते 14 दिवस जस्त देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने केली आहे. शौचात रक्त पडल्यास अथवा रुग्ण सुस्तावल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे.

20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क बजावला. तो हक्क शुद्ध पाण्याचाही आहे. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या वस्त्यांतील विहारांनी पावसाळ्यात जलसंजीवनीची पाकिटे जवळ ठेवावीत आणि आजाऱ्याजवळ बसणारी माणसे घडवावीत. महावग्गातील तो प्रसंग आम्हांस याहून वेगळे काही सांगत नाही.