‘स्वतःबद्दल सांगा’ : या प्रश्नाचा इतिहास आणि आपली माणदेशी पोरं

सध्या आपल्या भागातली काही पोरं परदेशातल्या आणि इकडं अशोकासारख्या विद्यापीठांचे फॉर्म भरतायत. मार्कांचं त्यांना टेन्शन नाही. अडतायत ती निबंधापाशी. अमेरिकेच्या कॉमन फॉर्ममध्ये मुख्य निबंध ६५० शब्दांपर्यंतचा. त्याशिवाय बऱ्याच कॉलेजांचे आपापले पुरवणी निबंध : आमच्याकडंच का यायचंय? कुठल्या वातावरणात वाढलात?

मी वाचून देतो म्हणून पोरं माझ्याकडं पाठवतात. वाचलं की कळतं, सगळं आहे, फक्त माण तालुका कुठंच नाही. सुरुवातीला कुणा थोर माणसाचं वाक्य, मग ‘लहानपणापासून मला विज्ञानाची आवड’. असले निबंध पैसे घेऊन लिहून देणारे आहेत, आता तर मोबाईलपण फुकटात लिहून देतो. म्हणून या प्रश्नाचा थोडा इतिहास सांगावासा वाटला.

आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी प्रवेशासाठी लिहिलेलं पत्र फारसं कुणी वाचत नाही. एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. वय १८. रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी राहून त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला अर्ज लिहिला. आपलं शिक्षण किती झालंय ते त्यात सरळ सांगितलं. नियमात आपण कदाचित पूर्ण बसणार नाही, हेही लपवलं नाही. मग मुद्दा मांडला : आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून जो निर्धार मला इथवर घेऊन आला, तो जमेस धरा. आणि येण्याचं कारण एकच, माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचंय.

दहा दिवसांचं मूल गमावलेली ही बाई. पण पत्रात दयेची याचना नाही. मी कोण, माझी तयारी किती, काम काय करायचंय, एवढंच. प्रवेश मिळाला. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली. पुढच्याच फेब्रुवारीत त्या गेल्या, हे आपलं दुर्दैव.

आनंदीबाईंनी आपणहून सांगितलं. फॉर्मवरच ‘तुम्ही कोण’ हे खोदून विचारायची पद्धत अमेरिकेतल्या मोठ्या कॉलेजांत नंतर आली, आणि हेतू काही चांगला नव्हता. साताऱ्याच्या शाळेत शिकलेले बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबियात होते. त्या सुमारास न्यूयॉर्कमधली स्थलांतरित ज्यूंची पोरं परीक्षेत पुढं येऊन कोलंबियात भरत होती. विद्यापीठाला ती नको होती. मग १९१९ च्या सुमारास नवा लांबलचक फॉर्म आला : फोटो द्या, धर्म सांगा, वडील कुठं जन्मले ते सांगा. १९२२ मध्ये हार्वर्डनं तर विचारलं, तुमचं किंवा वडिलांचं नाव कधी बदललंय का? मार्कांच्या जोडीला ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ तोलायची रीत तिथं रुळली. मुलाखत, शिफारसपत्र, स्वतःवरचं लिखाण यांना वजन आलं ते याच वाटेनं.

जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं प्रवेशात वंश बघायला बंदी केली. पण वंशामुळं आयुष्यावर काय परिणाम झाला हे विद्यार्थ्यानं निबंधात लिहिलं, तर ते विचारात घेता येईल असंही निकालात म्हटलं. जो प्रश्न काहींना बाहेर ठेवायला आला, तोच आज आत जायचं दार झालाय.

लांब कशाला, आपल्या म्हसवडचंच बघा. बायकांची बँक काढायची म्हणून चेतना सिन्हांनी रिझर्व्ह बँकेकडं अर्ज केला. नकार आला, कारण प्रवर्तकांतल्या बायका निरक्षर. बायकांनी साक्षरतेचे वर्ग लावले आणि पुन्हा मुंबई गाठली. साहेबांना म्हणाल्या, आमच्या लहानपणी गावात शाळाच नव्हती, पण हिशेब आम्हाला येतो. कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आणि तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. याहून चांगलं उत्तर मला तरी माहीत नाही.

परवा एक पोरगी म्हणाली, ‘सर, चारा छावणीत राहून अभ्यास केला हे लिहू नको ना? गरिबी दाखवल्यासारखं होईल.’ मी म्हटलं, बाळ, नुसतं रडगाणं लिहिलंस तर तसं होईल. टँकर किती दिवसांनी यायचा, एका जनावराला पाणी किती लागायचं, कुणाच्या वाट्याला कमी यायचं, आणि त्यातून भूजल शिकायचं तुझ्या डोक्यात कसं आलं, ते लिही. ते तुझ्याशिवाय कुणाला लिहिता येणार नाही.

पालकांनाही विनंती. मेंढरं, ऊसतोड, टँकरची रांग हे पोरांनी लिहिलं तर ‘लोक काय म्हणतील’ म्हणून खोडायला लावू नका. भाषा तपासायला शिक्षक आहेत, मी आहे. चुका दुरुस्त करू. पण आयुष्य पोराचंच राहू द्या. फॉर्मच्या तारखा जवळ आल्यात. कुणाला वाचून हवं असेल तर मेसेज करा.