कर्नलला यंत्राची ओळख कशी पटते?

घरातील संगणकाचे बटण दाबले, की काही क्षणांत पडदा उजळतो. आत मेमरी किती आहे, कोणते ग्राफिक्स कार्ड बसविले आहे, हे कुणी सांगावे लागत नाही. इंटरनेटचा राउटर, मोबाइल फोन, सेट-टॉप बॉक्स यांच्या पोटातही संगणकच असतो; मात्र तेथे ही सोय सहसा नसते. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, अशा यंत्रात जागा होतो तेव्हा आपण कोठे आहोत, हेच त्याला ठाऊक नसते. ‘लिनक्स’ने हा प्रश्न कसा सोडविला, यावर अशा यंत्रांचे आयुष्य बऱ्याच अंशी अवलंबून आहे.

मुकी उपकरणे

पीसीमध्ये बायॉस हा प्रोग्रॅम मेमरीचा आराखडा कर्नलच्या हाती देतो. पीसीआय मार्गावरील प्रत्येक कार्डात उत्पादकाचा आणि उपकरणाचा क्रमांक कोरलेला असतो. कर्नलने विचारताच कार्ड आपली ओळख सांगते. एआरएम पद्धतीच्या चिपमध्ये प्रोसेसर, सिरियल पोर्ट, टायमर असे सारे एकत्र असते. ही उपकरणे ठरावीक पत्त्यांवर असतात, पण विचारल्यास उत्तर देत नाहीत. शिवाय एकच चिप दोन कंपन्यांनी वेगवेगळ्या तऱ्हेने जोडलेली असते. भलत्याच पत्त्यावर चाचपडत गेल्यास यंत्र जागच्या जागी थिजू शकते.

क्रमांकांची वही

यावर पहिला उपाय होता क्रमांकाचा. एआरएमवरील लिनक्सची धुरा वाहणारे रसेल किंग यांनी यंत्रांची एक नोंदवही ठेवली. नवा बोर्ड तयार करणाऱ्याने तेथे नोंद करून क्रमांक घ्यावयाचा. ‘बीगलबोर्ड’चा क्रमांक होता १५४६, तर ‘रास्पबेरी पाय’च्या पहिल्या बोर्डाचा ३१३८. यंत्र सुरू होताना आधी बूटलोडर हा छोटा प्रोग्रॅम चालतो. तो हा क्रमांक प्रोसेसरच्या ‘आर१’ या रजिस्टरमध्ये ठेवून कर्नलला हाक देई. कर्नल आपल्या यादीत तो क्रमांक शोधी. सापडला नाही, तर यंत्र ओळखता येत नसल्याचा संदेश देऊन तो तेथेच थांबे.

पद्धत सुटसुटीत होती; पण क्रमांक म्हणजे केवळ नाव. त्या नावामागची सारी माहिती सी भाषेत कर्नलमध्येच लिहावी लागे. दर नव्या बोर्डागणिक नवी फाइल वाढत गेली, आणि एका बोर्डासाठी बनविलेला कर्नल दुसऱ्यावर बहुधा चालेना. मार्च २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी या पसाऱ्यावर जाहीरपणे संताप व्यक्त केला.

क्रमांकाऐवजी वर्णन

उत्तर जुनेच होते. ‘ओपन फर्मवेअर’ या १९९४ च्या मानकात यंत्राची रचना झाडाच्या रूपात मांडण्याची कल्पना होती. पॉवरपीसी प्रोसेसरवरील लिनक्सने २००५ पासून तिचे आटोपशीर रूप स्वीकारले. ग्रँट लाइकली आदींच्या प्रयत्नांतून हा ‘डिव्हाइस ट्री’ एआरएमवर आला.

या पद्धतीत यंत्राचे वर्णन कर्नलबाहेरच्या एका लहान फाइलमध्ये असते. बूटलोडर ती मेमरीत ठेवतो आणि तिचा पत्ता ‘आर२’ रजिस्टरमध्ये देतो. फाइलच्या आरंभीची ठराविक खूण पाहून कर्नल ती ओळखतो. झाडाच्या मुळाशी ‘कंपॅटिबल’ नावाची यादी असते. पाकिटावर आधी घर, मग गल्ली, मग गाव लिहावे, तशी ती असते: आधी नेमका बोर्ड, नंतर चिप, शेवटी चिपचे कुळ. नेमका बोर्ड कर्नलच्या परिचयाचा नसला, तरी चिपच्या ओळखीवर काम पुढे सरकते. मग फांद्यांवरील एकेका उपकरणाचा प्रकार, पत्ता व इंटरप्ट क्रमांक वाचून त्याला योग्य ड्रायव्हर जोडला जातो.

डिसेंबर २०१२ मधील लिनक्स ३.७ आवृत्तीपासून निरनिराळ्या कंपन्यांच्या एआरएम चिपवर एकच कर्नल चालविणे शक्य होऊ लागले. त्याच आवृत्तीत आलेल्या ६४ बिट एआरएमसाठी तर क्रमांकांची जुनी वही ठेवलीच नाही. ज्या जुन्या यंत्रांचा बूटलोडर ही फाइल देऊ शकत नाही, त्यांच्यासाठी ती कर्नलच्या शेपटाला जोडण्याची तोड काढण्यात आली.

ग्राहकाचा संबंध काय?

कंपनीने राउटरला सुधारणा देणे थांबविले, की त्यातील सुरक्षेच्या त्रुटी तशाच राहतात. ‘ओपनडब्ल्यूआरटी’सारखे प्रकल्प अशा यंत्रांना नवा कर्नल पुरवितात, पण त्यासाठी त्या मॉडेलचे अचूक वर्णन हाती हवे. ते असले आणि आवश्यक ड्रायव्हर खुले असले, तर कंपनीने सोडून दिलेले यंत्रही अनेक वर्षे कामात राहते. वर्णन मात्र बिनचूकच हवे. त्यात व्होल्टेजच्या मर्यादाही नोंदविलेल्या असतात आणि तेथील चूक चिपला भोवू शकते. मुक्या यंत्राची ओळख कुणी तरी लिहून ठेवावीच लागते. ती खुली आहे की कंपनीच्या कपाटात बंद आहे, यावर चालू स्थितीतील यंत्र घरात राहणार की भंगारात जाणार, हे ठरते.