कानाची शस्त्रक्रिया आणि चेहऱ्याचा मज्जातंतू

मेंदूपासून निघणारा सातवा मज्जातंतू हाडाच्या अरुंद नळीतून मध्यकर्णाला खेटून जातो आणि कानामागील मॅस्टॉइड हाडातून उतरून चेहऱ्याच्या स्नायूंपर्यंत पोहोचतो. डोळा मिटणे, कपाळाला आठ्या पाडणे व हसणे त्याच्यावर अवलंबून असते. काही व्यक्तींत या नळीचे हाड जन्मतःच अपुरे असते. कोलेस्टिॲटोमा या विकारात ते झिजते. त्यामुळे मॅस्टॉइड शस्त्रक्रियेत मज्जातंतूला इजा होण्याचा धोका वाढतो. ही गुंतागुंत क्वचित उद्भवते, परंतु तिचे परिणाम गंभीर असतात.

रुग्ण शुद्धीवर येताच त्याला डोळे घट्ट मिटण्यास व दात दाखवण्यास सांगितले जाते. बधिरीकरणाच्या इंजेक्शनमुळे आलेला लुळेपणा काही तासांत ओसरतो. तो टिकून राहिल्यास कानातील घट्ट पट्टी सैल करतात आणि गरज भासल्यास कान पुन्हा उघडून मज्जातंतू तपासतात. तो तुटलेला असल्यास टोके जोडतात किंवा दुसऱ्या मज्जातंतूचा तुकडा बसवतात. चेहरा आधी व्यवस्थित हलत असून काही दिवसांनी लुळा पडल्यास कारण बहुधा सूज असते. स्टेरॉइडने बहुतेकांना आराम पडतो.

डोळा मिटत नसल्यास थेंब व मलम वापरून बुबुळाचे रक्षण करावे. इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयासारख्या वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालयांतील कान-नाक-घसा विभागात विनाविलंब दाखवणे हिताचे ठरते. संमतिपत्रावर स्वाक्षरी करण्यापूर्वी या धोक्याविषयी शल्यविशारदांना विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे.