काडी आणि वाटाणा

जुलै महिन्यात विंझरला गेलो होतो. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, राजगड-तोरण्याच्या परिसरातले हे गाव. आवणी चालू होती. मोठी माणसे भाताच्या खाचरात आणि मुले घरात. शाळेतल्या बाईंबरोबर एका घरी टेकलो, तेव्हा जेवायला घरी आलेल्या मुलांच्या आईने विचारले, "सर, डोकं चालवायची खेळणी मिळतात म्हणं शहरात. आमच्या घरात काय हाय? कुठली घ्यावी?" मी लगेच कागद काढून यादी केली. तिची किंमत त्या घराला परवडणार नाही, हे लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आले.

त्याच वेळी तिची सात-आठ वर्षांची मुलगी चुलीजवळ बसून उसळीसाठी भिजवलेल्या वाटाण्यांत खराट्याचे हीर खुपसत होती. एका हिराच्या दोन टोकांना दोन वाटाणे, मग तिसरा, असा तिचा त्रिकोण झाला. आजी ओरडली, "अन्नाशी खेळू नगं गं!" मी मात्र चमकलो. हा खेळ मी पुस्तकात पाहिला होता.

बालवाडीचा आद्य प्रवर्तक फ्रेडरिक फ्रोबेल (१७८२–१८५२) हा मुळात शिक्षणतज्ज्ञ म्हणून घडलेला नव्हता. बर्लिनमध्ये ख्रिश्चन सॅम्युअल वाइस या स्फटिकशास्त्रज्ञाच्या हाताखाली तो खनिजांच्या संग्रहालयात काम करत असे. घन, प्रचिन, सममिती यांचा त्याच्या मनावर पगडा बसला तो तिथे. पुढे १८३७ मध्ये त्याने जर्मनीतील ब्लँकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' म्हणजे बालोद्यान हे नाव दिले. लोकरीचा चेंडू, लाकडी गोल, घन, ठोकळे अशी साधने त्याने क्रमाने योजली. त्याच्या पद्धतीत भिजवलेले वाटाणे आणि टोकदार काड्या यांचे कामही होते. ठोकळ्याला पृष्ठे असतात. काडी-वाटाण्याच्या घनाला नुसत्या कडा आणि कोपरे. स्फटिक पाहिलेल्या माणसालाच हे सुचावे, असे मला वाटते.

प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये बालोद्यानांवर बंदी घातली. फ्रोबेलच्या पुतण्याच्या समाजवादी लिखाणाशी त्याची गल्लत झाली, असे सांगतात. बंदी उठली १८६० मध्ये. तोपर्यंत फ्रोबेल वारला होता. अनुयायांनी ही साधने जगभर नेली खरी, पण पुष्कळ ठिकाणी त्यांची कवायत केली. बाईंनी सांगायचे, मुलांनी एकदम ठोकळा उचलायचा! खेळाचा असा धडा झाला की त्यातला खेळ संपतो.

तरी काही मुले निसटतातच. अमेरिकेत १८९९ मध्ये बकमिन्स्टर फुलर नावाच्या चार वर्षांच्या मुलाला बालवर्गात काड्या आणि वाटाणे मिळाले. त्याची दृष्टी फार अधू होती. इतर मुलांनी डोळ्यांना परिचित अशी चौकोनी घरे केली. याने हाताने चाचपून, जे डगमगत नाही ते पकडले. त्याची रचना त्रिकोणांची झाली. मोठेपणी याच तत्त्वावर त्याने छताच्या सांगाड्याची रचना केली आणि १९६१ मध्ये तिचे पेटंट मिळवले.

आपल्याकडे या प्रश्नाला वेगळी बाजू होती: पैशाची. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर माँटेसरी पद्धतीचे काम केले होते. ती साधने नेमकी, सुबक आणि महाग. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, तेव्हा गरीब वस्त्यांमध्ये ती पेटी नेऊन चालणारच नव्हते. त्यांच्याबरोबर होत्या आपल्याच जिल्ह्यातल्या मोरगावच्या अनुताई वाघ (१९१०–१९९२). समुद्रकाठचे शिंपले, खडे, बिया, पाने, माती हीच साधने झाली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' हा शब्द आज देशभर चालतो. ताराबाईंनी साधनांची स्वस्त नक्कल केली, असे मी म्हणणार नाही. साधन घराजवळचे असावे, म्हणजे मूल घरी गेल्यावरही खेळत राहते, हे त्यांनी दाखवले. माझ्या यादीत नेमके हेच नव्हते.

आजीचा आक्षेप मात्र खरा होता. ज्या घरात धान्य मोजून वापरतात तिथे वाटाणा हे खेळणे कसे होईल? याचे एक उत्तर १९७८ च्या सुमारास होशंगाबादला सापडले. पुण्याच्या टेल्को कारखान्यातून रजा घेऊन तिथल्या विज्ञानशिक्षण कार्यक्रमात गेलेले अरविंद गुप्ता यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे सांधे म्हणून घेतले आणि आगकाड्यांची मोडती-जोडती रचना तयार केली. काडी तीच, सांधा बदलला. शाडू किंवा चिकणमातीच्या गोळ्याही चालतात, पण वाळल्यावर त्या तडकतात. वाटाण्याचे उलट आहे. तो वाळताना आकसतो आणि काडीला घट्ट आवळतो. म्हणून रात्री केलेली रचना सकाळी अधिक पक्की लागते.

बाईंनी आजींना हे समजावले. आजी हसल्या, भांड्यात हात घालून त्यांनी मोजून आठ वाटाणे काढून दिले. "येवढंच हां."

आठ वाटाणे आणि बारा हीर यांचा घन झाला. बोट लावताच तो कलला. मुलीने वर पाहिले. छपराच्या कैचीत तिरपे वासे होते. तिने एका बाजूला तिरपा हीर लावला. त्याची लांबी जास्त लागते हे तिला दोन हीर मोडल्यावर कळले. सहा बाजूंना सहा तिरपे हीर, एकूण अठरा, लागल्यावर घन हलेनासा झाला. जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने १८६४ मध्ये मांडलेला हिशोब हाच आहे: सांध्यांच्या संख्येला तिनाने गुणा आणि सहा वजा करा. आठ सांध्यांना अठरा काड्या. मी तो तिला सांगितला नाही. ती तोवर घन मोडून चार वाटाण्यांचे काहीतरी करू लागली होती. त्याला सहाच हीर लागले, आणि उरलेले चार वाटाणे तिने आजीला परत दिले.