चिलमींतला चहा

धायरीस माझ्या शेजारचा एक तरुण परवां म्हणाला, “गुरुजी, आम्ही तंबाखूला शिवतही नाहीं. चहाची पत्ती काकवींत मुरवून हुक्क्यांत घालतों. काळीचा धूर उग्र, हिरवीचा सौम्य. त्यांत कसला आला अपाय?”

मला विजापूर आठवलें. १६०४-०५ च्या सुमारास अकबराचा वकील असदबेग तेथून तंबाखू घेऊन गेला. बादशहानें हौसेनें झुरके घेतले. हकीम मात्र आडवा आला. या वस्तूविषयीं आमच्या ग्रंथांत कांहींच नाहीं, एवढेंच त्याचें म्हणणें! असदबेगानें वाद घातला आणि अमीर-उमरावांत ती चाल पडली. १६१७ त जहांगिरानें मनाई केली, ती कोण ऐकतो? पुढें मराठी सरदारांच्या बैठकींतही गुडगुडी आली. चिलमींत गुळांत मळलेली तंबाखू, म्हणजे गुडाखू.

आतां गुडाखूच्या जागीं चहा आला, पण निखारा तोच. कोळशाचा विषारी वायु पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं. धूर थंड होतो, निर्मळ होत नाहीं. महाराष्ट्रांत २०१८ सालीं हुक्कागृहांवर कायद्यानें बंदी आली. घरच्या माडीवर कोण पाहणार?

तरुण कांहीं बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं काळ्या पत्तीचा डबा मात्र आणून दिला. आम्ही ती आलें घालून उकळली.