शनिवारचा घाणा व गावाचे आडनाव

आपल्या समाजाचा प्राचीन इतिहास कागदावर फारसा सापडत नाही. नवगावजवळ गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, पवित्र ग्रंथ समुद्रात गेले, असे परंपरा सांगते. जवळ उरले ते शब्बाथ, सुंता आणि ‘शेमा’.

पूर्वीच्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यात आपले पूर्वज तेलाचा घाणा चालवीत. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते ‘सोमवार तेली’ आणि आपले लोक ‘शनवार तेली’. हे नाव शेजाऱ्यांनी दिलेले. शब्बाथ पाळल्याची याहून निःपक्षपाती साक्ष कोणती?

समाज कोठे कोठे पसरला हे आडनावे सांगतात: पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, किहीमचे केहीमकर. अठराव्या शतकात अनेकजण मुंबईस येऊन कंपनी सरकारच्या पलटणींत शिरले. त्यांपैकीच सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईतील पहिले प्रार्थनामंदिर ‘शाआर हाराहामीम’ बांधले. पुढे नोकरीने पुणे, कराची, एडन दाखविले. १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला आली.

येथे शब्बाथ ही राष्ट्राचीच सुट्टी. तेव्हा शनिवारवरून आपल्याला कोणी वेगळे ओळखत नाही. काही कुटुंबांनी आडनावही हिब्रू केले आहे. ती ज्याची त्याची मर्जी. परंतु मुलाबाळांना मूळ गावाचे नाव अवश्य सांगून ठेवावे. ग्रंथ बुडाले तेव्हा तोंडी जपलेलेच उपयोगी पडले होते.